मॅट्रिकच्या गुणांमागचे तास

माझ्या लहानपणी कोरेगाव तालुक्यात परीक्षेला बसणाऱ्या पोराला ‘अभ्यास कसा चाललाय’ असं कुणी विचारत नसे. ‘शाळंत झोपायला जातोस का?’ असं विचारत. दिवाळी सरली की मॅट्रिकची मुलं संध्याकाळची भाकरी खाऊन, काखेत वळकटी आणि हातात कंदील घेऊन हायस्कूलच्या वाटेला लागायची. बाकं भिंतीला सरकवून शेणानं सारवलेल्या जमिनीवर सतरंज्या पडायच्या. प्रत्येकानं आपल्या कंदिलाची काच आधी राखेनं पुसायची, मगच वात लावायची, असा दंडक होता. काजळीच्या काचेत चौथ्या मुलाला अक्षर दिसत नाही, म्हणून. रात्री गणित आणि इंग्रजीचं व्याकरण. साडेदहाला सगळे कंदील बारीक. गणिताचे सर शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर झोपायचे आणि पहाटे चारला व्हरांड्यातल्या रुळाच्या तुकड्यावर घण घालायचे. मग हौदाच्या गार पाण्यानं तोंड धुऊन पाठांतर: इतिहास, संस्कृतची सुभाषितं, रसायनाची सूत्रं. व्हरांड्यात फेऱ्या मारत मोठ्यानं पाठ म्हणणाऱ्या पोरांचा आवाज आमच्या माळवदापर्यंत यायचा.

घरी अभ्यास का नाही, तर घरात जागाच नसे. दोन खणांचं घर. एका खणात चूल आणि माणसं, दुसऱ्यात बैल, म्हैस आणि वैरण. चिमणी एकच, आणि ती स्वयंपाकाला. जेवणं झाली की रॉकेल वाचवायला ती विझायची. ज्या पोराला पहाटे मोटेवर किंवा इंजिनावर पाणी धरायला जायचंय, त्याला घरात पुस्तक उघडून बसलेलं पाहिलं की कुणी ना कुणी काम सांगायचंच. शाळेत झोपायला गेलेल्या पोराला काम सांगता येत नसे. हायस्कूलच्या त्या खोलीनं मुलांना दिलं ते हे, बिनकामाचे सात-आठ तास. शिकवणं दिवसा व्हायचंच.

मी आयुष्यभर याच तालुक्यात आठवी ते दहावीला गणित शिकवलं. वर्गात पहिला कोण येतो, याचं उत्तर आपण मुलाच्या डोक्यात शोधतो. माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा त्याच्या तासांत सापडतं. सूर्य मावळल्यावर त्याच्या वाट्याला उजेड, निवारा आणि बिनकामाचा वेळ किती येतो, यावर त्याचे गुण ठरतात. आमच्या सातारा जिल्ह्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा शाळांचा इतिहास मी याच अंगानं वाचते.

मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठानं पहिल्यांदा घेतली १८५९ साली. १३२ जण बसले आणि २२ पास झाले. पुढं कित्येक दशकं ही परीक्षा म्हणजे डोंगरकडाच होता. परीक्षा इंग्रजीतून, आणि घरात इंग्रजीचं अक्षर सोडाच, मराठीचं पुस्तकही नसलेल्या मुलाला तिथवर पोचायला आधी मराठी चार इयत्ता, मग इंग्रजी सात इयत्ता चढाव्या लागत. साताऱ्याचं सरकारी हायस्कूल जुन्या राजवाड्यात भरायचं. त्यालाच आज आपण प्रतापसिंह हायस्कूल म्हणतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव लागलं, इंग्रजी पहिलीत. हा दिवस राज्यात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

तेव्हाच्या वर्गात मुलं नंबराप्रमाणे बसत. उत्तर आलं की वर सरकायचं, चुकलं की खाली. पहिल्या नंबरची जागा ही रोज कमवायची गोष्ट होती आणि रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे. बाबासाहेबांनी पुढं इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेबद्दल जे सांगितलंय, ते वाचून शिक्षक म्हणून माझ्या पोटात कालवतं. आपल्याला आपल्या नंबराप्रमाणे इतर मुलांमध्ये बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. बसायचं तरटही घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, कारण झाडलोट करणारा गडी त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतायचं, शिपाई नसला तर तहानलेलंच राहायचं. उत्तर बरोबर आलं तरी वर सरकायची जागाच नाही, अशा वर्गात तो मुलगा शिकला. गुणांच्या शर्यतीबद्दल बोलताना हे तरट मी कधी विसरत नाही.

याच आठवणींतला एक प्रसंग आमच्या भागात फार सांगितला जातो. वडील रामजी सुभेदार खजिनदार म्हणून कामाला होते, त्या ठिकाणी उन्हाळ्याच्या सुटीत भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना पत्र पोचलं नव्हतं, त्यामुळं न्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळल्यावर एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि पोरांनीच गाडी हाकली, गाडीवान बरोबर चालला. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. इंग्रजीत त्या गावाचं नाव कोरेगाव असं छापलंय, म्हणून आमच्याकडं अनेकांना ते आमचंच कोरेगाव वाटतं. पण बाबासाहेबांनीच पुढं खटाव तालुका असं लिहिलंय. ते खटाव तालुक्यातलं गोरेगाव. दुष्काळी लोकांना काम मिळावं म्हणून सरकार तिथं तलाव बांधत होतं. आमच्या कोरेगावाला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे; मसूरला उतरायचं कारणच नाही. पण गाव आमचं नसलं तरी जिल्हा आमचा आहे, आणि त्या पोरांना पाणी नाकारणारी माणसंही आमच्याच मुलखातली होती.

पुढं मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत तेच घडलं, जे मी आमच्या हायस्कुलात पाहिलं. खोली एक, माणसं पुष्कळ. रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि दोनला त्याला उठवून मग स्वतः आडवे होत. धनंजय कीरांच्या चरित्रात हे आलंय. बापानं आपली झोप देऊन मुलासाठी रात्रीचे तास विकत घेतले, असं मला ते वाचताना वाटतं. संस्कृत शिकायची मुलाची इच्छा होती, ते शिकवायला नकार मिळाला, म्हणून फारसी घ्यावं लागलं. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून तो मॅट्रिक झाला, ७५० पैकी २८२ गुणांनी. आजच्या हिशोबात हे गुण कुणी पेढे वाटण्याजोगे मानणार नाही. त्या वेळी मात्र सी. के. बोल्यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. गुणपत्रिकेवरचा आकडा कुठून सुरुवात करून कमावलाय, हे त्या दोघांना दिसत होतं.

त्या काळात गरीब मुलांना दुसरी वाट होती संस्थानांची. आमच्या तालुक्यातलं किन्हई हे औंधच्या पंतप्रतिनिधींचं मूळ गाव. औंधचं हायस्कूल कमी खर्चात शिकता येतं, या ख्यातीवर लांबलांबची मुलं तिथं येत. दापोलीकडून साने गुरुजी आले, माणदेशातून गदिमा आणि शंकरराव खरात आले. गुरुजी प्लेगामुळं औंध सोडून गेले. गदिमा मॅट्रिकला अडले ते अडलेच. ज्यांना मॅट्रिक जमलं नाही, त्यांच्यातही किती मोठी माणसं होती, याचं हे एक उदाहरण मी वर्गात नेहमी सांगत आले.

पण आमच्या जिल्ह्याची गोष्ट खरी वळली ती भाऊराव पाटलांमुळं. भाऊराव स्वतः इंग्रजी सहावीच्या पुढं गेले नाहीत. कोल्हापूरची एक गोष्ट सांगतात: शाहू महाराजांनी त्यांना वरच्या वर्गात घालायला सुचवलं, तेव्हा गणिताच्या मास्तरांनी उत्तर दिलं, की पाटील ज्या बाकावर बसतो ते बाक मी वर पाठवीन, पाटलाला पाठवणार नाही. मला या गोष्टीतले मास्तरही आवडतात. छत्रपतींसमोर गुणांची बूज राखणारा माणूस होता तो. आणि तो मुलगा पुढं साताऱ्यात शिकवण्या घेऊन राहिला, लोक त्याला पाटील मास्तर म्हणू लागले. जिथं आपण अडलो, तिथं दुसऱ्याचं पोर अडू नये, हे त्यांच्या सगळ्या कामाचं मूळ आहे, अशी माझी समजूत आहे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. धनिणीच्या बागेत मुलं राहायची. दाणागोटा मुष्टिफंडातून, म्हणजे गावोगावच्या बायकांनी दळायला बसताना मूठभर बाजूला काढलेल्या धान्यातून यायचा. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही, पोरांच्या जेवणासाठी काढून दिलं. १९३० साली त्या गेल्या. बोर्डिंगातली मुलं साताऱ्यातल्या निरनिराळ्या हायस्कुलांत शिकायला जात. १९४० साली संस्थेचं स्वतःचं महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी नाही, मुलानं राबायचं आणि शिकायचं.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, चाळिसाच्या दशकात त्या व्यवस्थेत शिकले. तात्या सांगायचे ते मी इतक्यांदा ऐकलंय, की मला ती बाग पाहिल्यासारखी वाटते. पहाटे उठायचं, आधी शेतावर किंवा बांधकामावर दोन तास; दगड वाहायचे, विटा थापायच्या, भाजीला पाणी द्यायचं. मग अंघोळ, भाकरी-आमटी, शाळा. संध्याकाळी परत काम. आणि रात्री कंदिलाभोवती गोल करून अभ्यास. तात्या म्हणायचे, ‘घरीबी राबतच हुतो की गं. पण घरच्या कामाला शेवट न्हवता. अण्णांच्यात कामाचा टाइम ठरल्याला, आन अभ्यासाचाबी.’ अण्णा म्हणजे भाऊराव. हे वाक्य मला पुस्तकांतल्या कितीतरी पानांपेक्षा मोलाचं वाटतं. श्रमानं शिक्षण बिघडत नाही. हद्द नसलेल्या श्रमानं बिघडतं. भाऊरावांनी श्रमाला घड्याळ लावलं, आणि त्या घड्याळातून शेतकऱ्याच्या पोराला अभ्यासाचे तास सुटे करून दिले.

भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले, तोवर संस्थेची हायस्कुलं शंभराच्या वर गेली होती. त्याच सुमाराला यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं ईबीसीची सवलत आणली. ज्यांच्या घरचं वर्षाचं उत्पन्न नऊशे रुपयांच्या आत, त्यांच्या मुलांची फी माफ. ही मर्यादा पुढं बाराशेवर गेली. यशवंतराव स्वतः कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून, तुरुंगवासात वर्ष घालवून, १९३४ साली मॅट्रिक झालेले. फीचा रुपया कुठं अडतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. साठच्या दशकात आमच्याकडं गावोगाव हायस्कुलं निघाली, कधी देवळाच्या ओवरीत, कधी कुणाच्या वाड्यात. शिक्षक आले ते बरेचसे बोर्डिंगात वाढलेले. आपण कंदिलाभोवती शिकलो, तसं या पोरांना शिकवायचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. वसतिगृह बांधायला पैसा नव्हता; वर्ग मात्र रात्री रिकामे होते. शाळेत झोपायला जायची चाल आमच्याकडं पडली ती अशी, असं मला वाटतं.

आता माझ्या वर्षाकडं येते. १९७२ साली नवा आकृतिबंध ठरला: अकरावीऐवजी दहावीला बोर्डाची परीक्षा. नवी दहावी पहिल्यांदा मार्च १९७५ मध्ये झाली आणि त्या वर्गात मी होते. आमच्या पुढच्या वर्गाची जुनी अकरावी त्याच वर्षी. नव्या अभ्यासक्रमात गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं, मुलींनाही. गणितात संच आले. आमचे सर उन्हाळ्यात प्रशिक्षणाला जाऊन आधी स्वतः ते शिकून आले, मग आम्हाला शिकवलं. सगळ्यात अवघड भाग हा, की मागल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकाच नव्हत्या. जुन्या मॅट्रिकची मुलं जुने पेपर सोडवून अंदाज बांधत. आमच्यापुढं कोरी भिंत. पाठ्यपुस्तकातलं प्रत्येक उदाहरण सोडवणं एवढाच मार्ग होता, आणि त्याला तासच लागत.

त्याआधीचा बहात्तरचा दुष्काळ आम्ही आठवीत असताना पाहिला. सुटीत खडी फोडायला गेलो, सुकडी खाल्ली. जमीन गेली नाही एवढंच. आमची शेती म्हणजे घेवड्याची. आमच्या तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. हे पीक काढणीला येतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, नेमकं सहामाहीच्या तोंडावर. आणि काढायचं पहाटे, दव असताना, कारण ऊन चढलं की शेंगा तडकून दाणे रानात सांडतात. म्हणजे पाठांतराची जी वेळ, तीच घेवडा उपटायची वेळ. थोरला भाऊ बोर्डाचा वर्ग म्हणून शाळेत झोपायला गेला होता. त्याच्या वाटणीची सरी माझ्याकडं आली होती. आता बोर्डाचा वर्ग माझा होता. तरी सरी माझ्याकडंच राहिली.

नववीपर्यंत वर्गात पहिला नंबर माझा. दहावीच्या दिवाळीनंतर मुलं वळकट्या घेऊन शाळेत गेली आणि जानेवारीच्या पूर्वपरीक्षेत मी चौथी आले. पहिले तिघं व्हरांड्यात फेऱ्या मारणारे. ते तिघं माझ्यापेक्षा हुशार झाले नव्हते. त्यांना रात्री आणि पहाट मिळून रोज चार-पाच तास जास्त मिळत होते, आणि मुलींना शाळेत झोपायला पाठवायचा विचार कुणाच्या मनात येणंही शक्य नव्हतं. घरी सांगायचं कसं? आजी म्हणायची, ‘पास झालीस म्हंजी बास झालं.’ पास होणं आणि पहिलं येणं यात माझ्यासाठी काय अंतर आहे, हे तिला माहीत नव्हतं. साठ टक्क्यांचा पहिला वर्ग मिळाला तर पुढं साताऱ्याला पाठवू, असं माझ्या वडिलांनी, दादांनी, कबूल केलं होतं. नाही तर लग्न.

वाट काढली माझ्या आत्यानं. आत्या व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, होऊन साताऱ्याच्या जिजामाता अध्यापिका विद्यालयात शिकलेली. ते विद्यालयही भाऊरावांनीच १९४२ साली काढलेलं. ती प्राथमिक शाळेत मास्तरीण होती आणि गावात तिच्या शब्दाला वजन होतं. ती थेट गणिताच्या सरांच्या घरी गेली आणि सरांच्या आईशी बोलली. दुसऱ्या दिवसापासून वर्गातल्या आम्ही चार मुली सरांच्या घरी झोपायला जाऊ लागलो. सर शाळेत, आम्ही त्यांच्या माजघरात, म्हातारीच्या पांघरुणाशेजारी. म्हातारीला अक्षर येत नव्हतं. पहाटे शाळेतला रूळ वाजला की ती आम्हाला हलवून उठवायची, चुलीवर पाणी ठेवायची आणि आम्ही पाठ म्हणत असताना जात्याजवळ बसून राहायची. एखादी थांबली की म्हणायची, ‘पुढं?’ त्या दोन महिन्यांत माझी भूमिती सुधारली ती त्या ‘पुढं’मुळं. प्रमेय म्हणताना अडखळले की मला पुढची पायरी शोधावीच लागायची.

भूमितीचं हे मी नंतर जन्मभर वर्गात वापरलं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. आणि सिद्धतेच्या प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण. साधारण मुलाला प्रमेय ‘येतं’. तो आकृती काढतो, चार ओळी लिहितो, निष्कर्षावर पोचतो. पण ‘व्युत्क्रम कोन’, ‘सामाईक बाजू’, ‘गृहीत’ ही कारणं लिहायची राहतात, आणि गुण पायरीला असतात. सत्तरचे नव्वद होतात ते या कारणांच्या रकान्यात. त्याला प्रतिभा लागत नाही. तीच सिद्धता पाचव्यांदा, कंटाळा आलेला असताना, न पाहता लिहायला निवांत वेळ लागतो. ज्या मुलीला एका जागी बसून चाळीस मिनिटं कुणी हाक मारत नाही, तिचा रकाना पूर्ण असतो. वही तपासताना मला अर्धवट रकान्यावरून कळायचं, की ही मध्येच उठलीये. विचारलं की उत्तर ठरलेलं: पाणी आलं होतं, भाऊ रडत होता, म्हैस सुटली.

मार्चच्या निकालात मला पहिला वर्ग मिळाला, शाळेत दुसरा क्रमांक. पहिला आला तो मुलगा माझ्या चुलत्यांच्या शेजारचा, पुढं इंजिनिअर झाला. मी बी.एस्सी., बी.एड. करून तालुक्यात परत आले.

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत बोर्डाच्या गुणवत्ता यादीचं वेड मी जवळून पाहिलं. एखाद्या गावातलं पोर बोर्डात आलं, की ट्रॅक्टरमधून मिरवणूक निघायची, कमान उभी राहायची. त्यात खोटं काही नव्हतं. गावाला खरंच आनंद व्हायचा. पण त्या यादीत मुंबई-पुण्याची मुलं जास्त का, हे बोलताना आमच्या बैठकीत लोक मुलांच्या बुद्धीवर घसरायचे तेव्हा मी भांडायचे. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच तोवर आमच्याकडंही आले होते, वीजही आली होती. कमी होते ते तास. पुढं यादी बंद झाली. आमच्या तालुक्यातल्या मुलांचं त्यात काही गेलं, असं मला वाटलं नाही.

मुलींचे तास मात्र वाढले, आणि ते कशानं वाढले हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गावात नळ आला, दारात गिरणी आली, गॅस आला. नव्वदच्या दशकात अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला. आठवीनंतर गावात वर्ग नाही म्हणून घरी बसणाऱ्या मुली कोरेगावला, रहिमतपूरला येऊ लागल्या. पण संध्याकाळची गाडी शाळा सुटल्या सुटल्या असायची, आणि जादा तास म्हटले की या मुलींची गाडी चुकायची. आम्ही शिक्षिकांनी आणि पालकांनी मिळून आगारात अर्ज दिला. एका मार्गावरची गाडी तासभर उशिरा सुटू लागली, आणि त्या एका तासात मी रोज भूमिती घेतली. राज्यात दहावीच्या निकालात मुली मुलांच्या पुढं आहेत, हे आता दरवर्षी छापून येतं आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. मला अजून वाटतं. पहाटे घेवड्याच्या सरीत वाकलेली आमची पिढी मला त्या आकड्यामागं दिसते.

शाळेत झोपायला जाणं आता जवळजवळ संपलंय. घरं मोठी झाली, दिवे आले, क्लास निघाले. गावातली मुलं क्लाससाठी कोरेगावला, जरा पैसेवाल्यांची साताऱ्याला जातात. जाण्यायेण्यात दोन तास जातात आणि आईबापांना वाटतं, की मूल दिवसभर अभ्यास करतंय. क्लासमध्ये मूल ऐकतं. स्वतः बसून लिहिण्याचा वेळ त्याला कुठं उरतो, हे मी भेटेल त्या पालकाला विचारते.

आणि एक वर्ग असा आहे, ज्याच्यापाशी आजही माझ्या १९७५ इतकेच तास आहेत. चिमणगावच्या साखर कारखान्याच्या ऊसतोडीला बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो, म्हणजे बोर्डाच्या वर्गाचा नेमका मोलाचा काळ. मूल गावी ठेवलं तर आजीजवळ, बरोबर आणलं तर पाचटाच्या कोपीत. कोपीत दिवा बॅटरीचा, आई-बाप पहाटे तीनला फडावर, धाकट्या भावंडाला सांभाळायला दहावीची मुलगी. गावाकडं सरकारी हंगामी वसतिगृहं निघतात, तिथं राहिलेल्या मुलांचं चांगलं होतं. पण ज्या इथं येतात त्यांचं काय, हा प्रश्न आमच्या तालुक्याचा आहे. दरसाल यातल्या काही मुली परीक्षेपुरत्या गावी जातात, पेपर देतात आणि परत फडात येतात. हुशार असतात. त्यांच्या वहीतला कारणांचा रकाना अर्धा असतो.

निवृत्तीनंतर मी आणि माझी एक जुनी सहकारी, आम्ही दोघींनी जवळच्या शाळेत एक खोली मागितली. मुख्याध्यापकांनी किल्ली दिली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, संध्याकाळी सात ते नऊ. शिकवणं थोडं, बसून लिहिणं जास्त. धाकट्या भावंडांना बरोबर आणलं तरी चालतं. त्यांना कोपऱ्यात सतरंजी आणि पाट्या दिल्यात. गावातल्या मुलीही येतात, एका बाकावर कोपीतली आणि वाड्यातली बसतात. मुलींना सोडायला आणि न्यायला घरचं माणूस येतं. ज्यांचे आई-बाप फडावरून परतलेले नसतात, त्यांना आम्ही दोघी कोपीपर्यंत पोचवतो.